चाचांच्या उरलेल्या पटी

कारखान्याच्या सगळ्यांत मोठ्या साहेबांच्या पगाराचा आमच्या चाचांइतका खोल आणि इतक्या निर्मळ मनानं विचार केलेला माणूस जगात दुसरा नसेल. खुद्द साहेबांनीही तेवढा केला नसावा. लोक दुसऱ्याच्या पगाराचा विचार करतात तो पोटात दुखतं म्हणून, नाहीतर त्या घरात मुलगी द्यायची असते म्हणून. चाचांच्या पोटात कधी दुखलं नाही आणि साहेबांच्या घरी सोयरीक करण्याचाही त्यांचा बेत नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. साहेब आपल्यापेक्षा अमुक पट पगार घेतात, म्हणजे ते आपल्यापेक्षा अमुक पट काहीतरी करत असणार. आणि ते काय, हे आपल्याला दिसत नसेल तर तो दोष आपल्या नजरेचा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ती समजूत घेऊन त्यांनी साखर कारखान्यात चौतीस हंगाम काढले.

चाचा माझ्या नात्यातले नव्हेत. माजलगावात आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीला, आणि भिंत इतकी बुटकी की आमच्या आईनं फोडणी दिली की पलीकडे चाची शिंकायच्या. माझे वडील मोंढ्यात हमाली करायचे. चाचांच्या घरातले भाऊ, पुतणे, जावई सगळे फळांच्या धंद्यात. एकटे चाचाच तरुणपणी केळी-पपईचा गाडा सोडून कारखान्यात गेले आणि पॅनवर लागले. पॅन म्हणजे दोन माणसं उंचीचं बंद भांडं. त्यात उसाच्या रसाचा पाक आटवून साखरेचा दाणा धरवतात. त्याच्या पोटाला एक जाड गोल काच असते. त्या काचेसमोर उभं राहायचं, मधूनमधून सळईनं पाकाचा नमुना बाहेर काढायचा, काचपट्टीवर घेऊन उजेडात धरायचा, अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचा आणि सांगायचं, "अजून वीस मिनिटं." यात चाचांचं आयुष्य गेलं. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं कातडं इतकं निबर झालं होतं की चुलीवरचा तवा ते त्या दोन बोटांनी उचलत. मात्र पाकातला दाणा खसखशीएवढा असला तरी त्याच दोन बोटांना तो समजायचा.

कारखाना दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि ऊस संपला की उन्हाळ्यात बंद पडतो. काही कामगार बारमाही, म्हणजे कायम. चाचा हंगामी. हंगाम संपला की घरी, आणि घरी बसलेल्या महिन्यांत पगाराचा थोडासा हिस्सा हातावर. 'मला कायम करावे' हा त्यांचा पहिला अर्ज माझ्या जन्माच्या आधी कारखान्यात पोचला होता. त्यामुळे तो अर्ज मला थोरल्या भावासारखा वाटायचा.

चाचांची वेळ मोजायची रीत स्वतःची होती. एका पॅनला साधारण तीन तास लागतात, म्हणून त्यांचं सगळं जग पॅनमध्ये चालायचं. "पोराचा बाप अर्धा पॅन झाला अजून आला न्हाई मोंढ्यातून," असं ते आईला भिंतीवरून सांगत. बीडला एसटीनं जायला त्यांच्या मते पाऊण पॅन लागायचा, लिंबागणेशला त्याहून थोडा जास्त. साखरेवर त्यांची नजर इतकी बसलेली की ती नजर घेऊन ते लग्नकार्यातही जात. आमच्या ताईचा साखरपुडा होता, पाहुणे वडवणीचे. पुडा उघडला तसे चाचा चिमूटभर साखर घेऊन दाराबाहेर उन्हात गेले, तळहात डोळ्यांजवळ धरून उभे राहिले. आत सगळे खोळंबले. नवऱ्या मुलाच्या मामांना राहवेना. ते म्हणाले, "काय बघायलेत हो ते? मुहूर्त चाललाय." वडील म्हणाले, "साखर बघायलेत." "कुणाकडनं? तुमच्याकडनं का आमच्याकडनं?" तेवढ्यात चाचा आत येऊन गंभीरपणे म्हणाले, "आमच्या कारखान्याची न्हाई ही. दाणा लहानमोठा हाय. पोरगी आमच्या गल्लीची, साखर बी आमच्याच पाळीची पाहिजे." आणि भिंतीवरून चाचींना हाक मारून त्यांनी घरचा डबा मागवला. मग पुडा त्या साखरेचा झाला. वडवणीचे मामा अजूनही ताईला विचारतात, "ते साखर तपासणारे बरे हायेत का?"

असा हा माणूस स्वतः चहा मात्र बिनसाखरेचा प्यायचा. "दिवसभर तिच्याच तोंडाकडं बघतो बे. घरी बी तीच कावून?" असं ते म्हणाले की आतून चाचींचा आवाज यायचा, "म्हणजे घरी आल्यावर दुसऱ्या कुणाकडं बघत असतील बघा. आमच्याकडं तर न्हाई बघत."

आता पटीच्या गणिताकडे येतो. मी सातवीत होतो. तेव्हा कारखाना सहकारी होता, आणि दरवर्षीच्या सभेत कुणीतरी सभासद उठून साहेबांचा पगार विचारायचाच. त्या वर्षी चाचा सभेच्या मांडवाबाहेर उभं राहून तो आकडा ऐकून आले आणि भिंतीवर कोपरं टेकून मला म्हणाले, "ए शिकलेल्या, साहेबाच्या पगारात माझा पगार किती डाव बसतो, काढून दे." आमच्या घरात मला शिकलेला म्हणणारे ते पहिले. मी दोन्ही आकडे लिहिले, भागाकार केला, अकरा पट आली. चाचांनी ते उत्तर लक्षपूर्वक ऐकलं. मला वाटलं, आता चिडतील. पण ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "लिही. माणूस म्हणून एक पट तर सगळ्यालाच. शिक्षण लई केलंय साहेबानं, त्याला पाच सोड. इंग्रजी बोलतो, दोन सोड." आठ गेल्या. तीन उरल्या. त्या तीन पटींचा त्यांनी पुढे दोन महिने शोध घेतला.

साहेबांचं वजन हा त्याच शोधाचा एक भाग. मोठा माणूस, मोठं शरीर, त्याला चालवायला जास्त लागत असेल, हा त्यांचा तर्क. साहेब एकदा उसाचा वजनकाटा तपासायला जीप घेऊन आले, जीप काट्यावर चढवली आणि काट्यावरच उतरले. चाचा तिथे आधीच जाऊन उभे होते. त्यांनी साहेबांसकटचा आणि साहेबांविनाचा असे दोन्ही आकडे काटाबाबूकडून घेतले. अडचण एवढीच की तो काटा उसाच्या गाड्यांचा, वीस किलोच्या खालचं बोलतच नाही. त्यामुळे साहेब साठचेही असू शकत होते आणि शंभरचेही. चाचांनी उदारपणे ऐंशी धरले. "मी बावन्न. म्हणजे दीडाला एक. मघाची एक पट दिलेलीच हाय, अर्धी वाढवून दे." काटाबाबूला त्यापायी एक ताकीदपत्र मिळालं, ते निराळं. शेवटी अडीच पटी उरल्या आणि चाचा म्हणाले, "अडीच म्हणजे काय जास्त न्हाई. आमच्या भावाच्या पेटीत बी दोन आंबे नासके निघतात. सोडून दे."

तेव्हापासून दरवर्षी हंगामाआधी बॉयलर पेटवण्याची पूजा झाली की चाचा नारळाचा तुकडा आणि नवे आकडे घेऊन भिंतीशी यायचे. मी दहावीला गेलो, पट एकोणीसवर गेली. मी बारावीला नापास होता होता वाचलो, पट पुढेच. त्या भागाकारांनीच माझं गणित पक्कं झालं. आमच्या गल्लीतला मी पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी वडील नुसते डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधत राहिले, आणि चाचा सगळ्या गल्लीला सांगत सुटले, "मी शिकवलंय त्याला." मी ते नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

साहेबांबद्दल चाचांच्या तोंडून वाईट शब्द मी कधी ऐकला नाही. चहाच्या टपरीवर कुणी साहेबांना शिवी हासडली की ते त्याचा हात धरायचे. "शिवी देऊ नको बे. शिवी दिली की हिसाब तिथंच थांबतो." साहेबांच्या ड्रायव्हरकडून त्यांना कळलं की साहेबांना झोपेची गोळी घ्यावी लागते. त्यांनी लगेच दोन पटी सोडल्या. साहेबांचं कुटुंब पुण्यात आणि साहेब इथे एकटे, त्याच्या दोन. पुढाऱ्यांसमोर साहेबांना हसू येत नसताना हसावं लागतं, ते त्यांनी एका कार्यक्रमात जवळून पाहिलं होतं, त्याची दीड. असं करत करत त्यांनी चौदा पटींपर्यंत साहेबांची बाजू लावून धरली. साहेबांचा एवढा कैवारी साहेबांच्या पगारी वकिलांतही नसेल.

पण मधल्या काळात कारखाना तोट्यात गेला आणि एका कंपनीनं तो घेतला. नवे साहेब आले, ते कंपनीचे संचालकही होते. कंपनी शेअर बाजारातली, आणि तसल्या कंपनीला आपल्या संचालकाचा पगार मधल्या कामगाराच्या पगाराच्या किती पट आहे, हे अहवालात छापावं लागतं. मी तोवर त्याच कारखान्यात कार्मिक विभागात, म्हणजे कामगारांच्या नेमणुका आणि बढत्यांची कागदपत्रं जिथे होतात तिथे, तात्पुरता लागलो होतो. अहवालातलं ते पान मी चाचांना वाचून दाखवलं. त्यांना गहिवरून आलं. "म्हणजे तू सातवीत केलेलं गणित आता कंपनी बी करायली!" मग थोडं थांबून म्हणाले, "पण मधला कामगार म्हणजे कोण रे? आमी तर कडेचे." तेव्हा मी त्यांच्या स्वतःच्या पगारावरून वेगळी पट काढून दिली. सेहेचाळीस आली. चौदा वजा जाता बत्तीस उरल्या.  या वेळी चाचांनी आंब्याच्या पेटीचा दाखला दिला नाही.

त्याच हंगामातली ही गोष्ट. पॅनवर माणसाऐवजी यंत्रानं लक्ष ठेवायचं, पडद्यावर आकडे दिसायचे, असं कंपनीनं ठरवलं होतं आणि एका पॅनला ते यंत्र बसवून पाहिलं जात होतं. पुण्याहून पाहुणे आले होते. मी त्यांच्या सह्यांची वही घेऊन मागे उभा. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. एवढ्यात चाचा काचेजवळून म्हणाले, "न्हाई. दुसरा दाणा पडायलाय." यंत्रवाले इंजिनीयर पडद्याकडे बोट दाखवत होते. चाचांनी नमुना काढला, बोटांत चोळला आणि कुणाला न विचारता पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. पाक फार आटला की चांगल्या दाण्याच्या जोडीला बारीक नकली दाणा पडतो. तो वेळीच पाणी देऊन विरघळवला नाही तर सगळा पॅन वाया जातो. पुढचे दोन तास चाचा काचेपासून हलले नाहीत. पाहुणे जेवून आले तरी ते तिथेच. शेवटी पॅन उतरला तेव्हा दाणा असा एकसारखा होता की पाहुण्यांपैकी एकानं तो रुमालात बांधून घेतला.

साहेब खूश झाले. सगळ्यांसमोर त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, आज तुम्ही आमची लाज राखलीत. काय हवं ते मागा."

 त्याच आठवड्यात हंगामी लोकांना कायम करण्याची फाईल मी तयार केली होती, त्यात चाचांचं नाव पहिलं होतं. चाचांच्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती. आत्ता तोंडातून एक शब्द निघाला असता तर ती तीन वर्षं बारमाही पगाराची झाली असती, निवृत्तीचा हिशोब बदलला असता. पॅनवरची माणसं मागून कुजबुजत होती, "कायम माग, चाचा. कायम माग बे." चाचांनी हात पुसले. म्हणाले, "साहेब, एक दिस तुमच्या केबिनीत बसू द्या. एका कडंला बसतो. तुमी दिवसभर काय करता ते एकदा बघायचंय."

पाहुणे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "या की, सोमवारीच या."

चाची दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून माझ्या आईला म्हणाल्या, "देणारा हात पुढं करून उभा होता, अन् यांनी काय मागितलं? खुर्ची बघायची!" मीही चिडलो होतो. मी विचारलं, "चाचा, कायम करा म्हणून का नाही म्हणालात?" त्यावर त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "ते तर कागदानं व्हायचंय ना? कागद तर गेलाय. अन् तिथं तू हायेस. जे कागदानं होतंय ते तोंडानं कावून मागायचं? केबिन काय कागदानं बघायला मिळत न्हाई."

सोमवारी चाचा ईदचा पांढरा पायजमा-कुर्ता घालून, डोक्यावर टोपी, हातात जेवणाचा डबा अशा थाटात केबिनमध्ये गेले आणि दाराजवळच्या सोफ्याच्या कडेला बसले. पॅनवरची पाळी आठ तासांची, म्हणून ते आठ तास बसणार होते. साहेबांची सुरुवातीला पंचाईत झाली. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर ते जरा जास्तच फोन करू लागले, एरवी न उघडणारे कागद उघडू लागले. मी कामानिमित्त तीनचारदा आत गेलो. दरवेळी चाचा पॅनच्या काचेकडे बघावं तसे साहेबांकडे बघत होते. दुपारी साहेबांनी दहीभात खाल्ला, पित्ताची गोळी घेतली. चाचांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि ठेचा पुढे केला. साहेबांनी चतकोर घेतली आणि ते दोनदा पाणी प्यायले.

तीन वाजता मला फाईल घेऊन बोलावणं आलं. आमच्या विभागप्रमुखांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, साहेब विचारतील तेवढंच बोलायचं. मी लाल फाईल टेबलावर ठेवली. साहेब तेव्हा फोनवर होते, पुण्याहून कुणीतरी त्यांना फैलावर घेत होतं, आणि ते "येस सर, येस सर" म्हणत होते. फोन खांद्यावर धरूनच त्यांनी फाईल उघडली. पहिल्याच कागदावर चाचांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. साहेबांनी त्यावर लिहिलं, 'पुढील हंगामात विचार व्हावा', आणि सही केली. मग पुढच्या कागदावर तेच. सहा कागद. चहाचा कप भरून ठेवलेला होता, त्यातून अजून वाफ निघत होती.

साहेबांनी द्वेषानं केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना चाचांचं नावच माहीत नव्हतं. कारखान्यात साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. ज्याचा कागद होता तो माणूस सहा हातांवर बसून त्यांच्याकडे आदरानं बघत होता, आणि त्या खोलीत ही गोष्ट माहीत असलेला माणूस एकटा मी होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, हे चाचा." तीन शब्द.  माझी नेमणूक तात्पुरती होती, आईनं त्या महिन्यात पहिल्यांदा किराण्याचं सामान रोख आणलं होतं. मी फाईल उचलली आणि बाहेर आलो.

पाळी संपल्यावर चाचा बाहेर आले. आम्ही फाटकापर्यंत बरोबर चाललो. मी विचारलं, "सापडल्या का पटी?"

"सापडल्या की," ते म्हणाले. "फोनला चार सोड. वरून बोलणी खातो बे तो, लई बोलणी खातो, माझ्यासमोर खाल्ली बिचाऱ्यानं. त्याला तीन. अन् जेवण धड न्हाई, दोन." मी मनात बेरीज केली, नऊ. बत्तिसातून नऊ गेल्या, तेवीस. मग चाचा थांबले. "पण दोन परत घे. तू लाल फाईल आणलीस ना, ती त्यानं न वाचता उतरवली. मी एकतीस हंगामांत एक पॅन काचंत न बघता उतरवला न्हाई." आणि थोड्या वेळानं, "कशाची फाईल होती रे?"

"जुनीच," मी म्हणालो. "हंगामी लोकांची."

"हां," चाचा म्हणाले. पंचवीस पटी उरल्या. त्यांनी त्या मला लिहायला सांगितल्या नाहीत.

ते साहेब त्याच उन्हाळ्यात अधिक पगारावर दुसऱ्या कंपनीत गेले. पुढच्या हंगामात सगळ्या पॅनना यंत्रं लागली आणि पॅनवरच्या कायमच्या जागा गोठवल्या गेल्या. विचार व्हायचा तो हंगाम आलाच नाही. चाचा तीन वर्षांनी हंगामीच निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यांनी माझ्या आईला दिला. मी मात्र कायम झालो, माझं लग्न झालं, मला बढती मिळाली. या कारखान्यानं मला जे दिलं ते मी विसरत नाही, माझ्या वडिलांच्या पाठीवरचं ओझं याच पगारानं उतरलं.

फक्त एक सवय मी लावून घेतली आहे. कुणाची फाईल घेऊन आत गेलो की टेबलावर ठेवण्याआधी मी उभा राहून नाव वाचतो, आणि त्या माणसाला कारखान्यात काय म्हणतात तेही सांगतो. "साहेब, हा म्हणजे गव्हाणीत ऊस टाकणारा तो उंच माणूस. साहेब, हे म्हणजे बॉयलरवरचे आप्पा." आत्ताच्या साहेबांना त्याचा कंटाळा येतो. तरी गेल्या हंगामात दोघेजण कायम झाले. ते सांगायला मी एका शुक्रवारी दुपारी चाचांकडे गेलो. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, काचपट्टीचं काम आता होत नाही; वाटीत साखर घेऊन दोन बोटांनी चाळवत बसले होते.

"सहीला किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास. दोन प्रश्न विचारले त्यांनी."

"मग त्याला एक पट वाढवून दे," ते म्हणाले, आणि खरोखर आनंदले. मग म्हणाले, "आता तुझी काढ."

"माझी?"

"तुझा पगार अन् माझी पेन्शन. किती पट?"

मी टाळून पाहिलं. त्यांनी टाळू दिलं नाही. सतरा आली. मला मान वर करवेना. चाचांनी बोटं वाटीतून काढली आणि साहेबांना सोडल्या तशाच माझ्यासाठी सोडायला लागले. "माणूस म्हणून एक. शिक्षणाला साहेबाला पाच दिल्या, तुला कमी कशाला, पाच. इंग्रजी बोलतोस?" मी म्हणालो, नुसती लिहितो. "मग एकच. आईचं दुखणं, दोन. पोरांची शाळा, तीन. अन् मी बसून खातो, तू रोज जातोस, त्याच्या दोन." चौदा झाल्या. मग ते म्हणाले, "अन् त्या दिवशी केबिनीत तू गप उभा राहिलास, त्याला किती द्यायच्या?"

 आतून चाचींचा चुलीवर फुंकर घालण्याचा आवाज थांबला.

"मला चौथीपर्यंतचं मराठी येतंय बे," चाचा म्हणाले. "पण फाईल वाचावी लागली न्हाई, तुझं तोंड वाचलं. झोपेच्या गोळीला साहेबाला दोन दिल्या होत्या. घाबरायला बी जीव लागतो. तुला बी दोन."

सोळा. एक उरली. ती कशात घालावी म्हणून चाचा बराच वेळ विचार करत बसले, कपाळाला आठ्या घालून, मी सातवीत असताना बसायचे तसे. त्यांना ती कुठेच घालता आली नाही. चाचींनी चहा आणला. चाचांनी वाटीतली चिमूटभर साखर स्वतःच्या हातानं माझ्या कपात टाकली, माझ्या कपात साखर आधीच होती तरी, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एवढी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. कपाच्या तळाशी थोडी साखर विरघळायची राहिली होती. कप थोडा उजेडाकडे केला, तेव्हा दाणा एकसारखा दिसला.